गुडघे म्हणतात बस, कंबर म्हणते ऊठ, मग कार्डिओ करायचं तरी कसं?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं वय ५४, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी कंबरेचा एमआरआय काढला त्यात एल-४ एल-५ ला (कंबरेच्या चौथ्या पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी बाहेर फुगलेली, निघाली आणि यंदा गुडघ्यांच्या एक्सरेत ग्रेड २ ची झीज. बीपीची गोळी चालू आहे, शुगर आता बॉर्डरला आलीय, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, कार्डिओ करा. मुलाने मोबाईलवर दहा हजार स्टेप्सचं टार्गेट लावून दिलं, चार दिवस केलं, पाचव्या दिवशी गुडघा सुजला. मग मैत्रिणीबरोबर झुंबाला गेले तर कंबर धरली. जिममधला ट्रेनर म्हणतो स्क्वॉट्स मारा, गुडघे सुधारतील. घरचे म्हणतात, आता पुरे, आराम कर. बसले की कंबर दुखते, उभी राहिले की गुडघे. मी नक्की काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, नमस्कार. तुम्ही एवढं सगळं करून बघितलंत आणि तरी पत्र लिहून विचारताय, याचंच मला खूप कौतुक वाटलं, कारण माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या बऱ्याच बायका गुडघा सुजला की तिथेच सोडून देतात आणि मग वर्ष दोन वर्षांनी येतात तेव्हा वजन आणखी वाढलेलं असतं, मांड्या बारीक झालेल्या असतात, आणि जिना म्हटलं तरी धडकी भरते. तुमच्यात काही कमी नाहीये. तुम्हाला जे जे सांगितलं गेलं ते तुमच्या गुडघ्यांसाठी आणि कंबरेसाठी नव्हतं, एवढंच.

सगळ्यात आधी तो आरामाचा सल्ला बाजूला ठेवू, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. घरचे प्रेमाने सांगतात हे खरं, पण पडून राहिल्याने कंबरदुखी लांबते हे आता सगळीकडचे डॉक्टर सांगतात, पूर्वीसारखं पंधरा पंधरा दिवस बेडरेस्ट द्यायचे दिवस गेले. आणि गुडघ्याचं तर असंय की आतल्या कुर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, सांध्यातला जो द्रव असतो त्यातून तिला पोषण मिळतं, स्पंज दाबला सोडला की पाणी आत बाहेर होतं ना तसं, म्हणजे सांधा हलला, त्यावर थोडा भार आला गेला तरच तिचं पोट भरणार. न हलवता ठेवलेला गुडघा बरा होत नाही, तो आखडतो. त्यामुळे हलायचं तर आहेच, फक्त किती आणि कसं हे नीट ठरवायचंय.

रिपोर्टबद्दल दोन शब्द, कारण पत्रात ‘झीज’ आणि ‘बल्ज’ लिहिताना तुम्ही घाबरलेल्या वाटलात. ज्यांची पाठ दुखत नव्हती अशा लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली छापून आला होता, त्यात पन्नाशीच्या साधारण ६० टक्के लोकांना डिस्क बल्ज दिसला, दुखणं काही नसताना. ग्रेड २ ही गुडघ्याची सुरुवातीची अवस्था, चारपैकी दुसरी पायरी. तेव्हा रिपोर्ट कपाटात ठेवा, आपण तुमच्या दुखण्याकडे बघून ठरवू, कागदाकडे बघून नाही.

आता कार्डिओ. हृदयाला आणि फुप्फुसांना काम लागलं, श्वास थोडा वाढला आणि तो काही मिनिटं तसाच वाढलेला राहिला की झालं कार्डिओ. ते काम पायांनी दिलं का हातांनी, उड्या मारून दिलं का पाण्यात उभं राहून, याच्याशी हृदयाला देणंघेणं नाही. गुडघ्याला मात्र फार आहे. सपाट जागी साधं चालतानासुद्धा प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दोन ते तीनपट भार येतो, जिना उतरताना तिपटीच्याही वर जातो, पळताना आणि उड्या मारताना त्याहून जास्त. तुमच्या ७८ किलोला धरून हिशेब केलात तर लक्षात येईल की दहा हजार पावलं म्हणजे गुडघ्याला केवढी मोठी मजुरी झाली. तेच सायकलच्या पॅडलवर हा भार साधारण वजनाइतका किंवा जरासा जास्त, बस. आणि पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहिलात तर पायांवर निम्मंच वजन उरतं, छातीपर्यंत पाणी असेल तर जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ७८ किलोच्या तुम्ही पाण्यात २५-२६ किलोच्या होता.

त्या दहा हजाराचं पण सांगते, मुलाला वाचून दाखवा, रागवू नका त्याला. हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं त्याच्या नावातूनच तो आला आणि मग जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला, सोळा हजारांहून जास्त बायका होत्या, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा फारसा वाढला नाही. तुम्ही बँकेत बसून काम करता, म्हणजे तुमची रोजची पावलं तीनेक हजार असतील असं धरते, तिथून एकदम दहा हजारावर उडी घेतली तर चांगला गुडघापण कुरकुरेल.

आता तुमची खरी अडचण, बसलं की कंबर आणि उभं राहिलं की गुडघे. ही दोन्ही दुखणी एकत्र असली की एका दुखण्यासाठी सांगितलेला व्यायाम दुसऱ्याला नडतो, आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ नेहमी एकाच दुखण्यासाठी केलेले असतात. माझं म्हणणं साधं आहे, एकाच प्रकाराला चिकटून अर्धा तास काढायचाच नाही. गुडघे कुरकुरायला लागायच्या आत बसायचं, कंबर कुरकुरायला लागायच्या आत उठायचं. तुकडे करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० ला जी नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण सलग किमान दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जी आधीची अट होती ती काढून टाकलीय. तीन तीन मिनिटांचे तुकडेसुद्धा हिशेबात धरतात. आणि १५० हे पोचायचं ठिकाण आहे, पहिल्या आठवड्याचं टार्गेट नाही.

घरापासून सुरू करू, कारण डोंबिवलीहून ट्रेनने ये-जा करणाऱ्या बाईला रोज जिमला जा म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही. एक साधी, चाकं नसलेली, हात नसलेली खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. छोटा टॉवेल गुंडाळून कंबरेच्या खोलगट भागात ठेवा आणि ताठ बसा, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. आता बसल्या बसल्या एक एक गुडघा थोडासा वर, चालल्यासारखं, आणि सोबत हात पुढे मागे जोरात हलवायचे. मिनिटभराने पाय तसेच चालू ठेवून हातांनी समोर मुक्के मारायचे, उजवा डावा उजवा डावा, खांद्याच्या उंचीपर्यंतच. तुम्हाला बीपी आहे म्हणून हात डोक्याच्या वर नेऊन फार वेळ काही करू नका, आणि श्वास कुठेही रोखून धरायचा नाही, मोठ्याने आकडे मोजलेत की श्वास आपोआप सुटतो. तीन मिनिटं झाली की उठायचं. उठताना पुढे सरकून, पाय मागे घेऊन, मांड्यांवर जोर देऊन उठा. मग स्वयंपाकघरातला ओटा दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं आणि जागच्या जागी चालायचं, पाय फार वर उचलायची गरज नाही, मग टाचा वर खाली, मग ओट्याला धरूनच बाजूला दोन पावलं, परत दोन पावलं. तीन मिनिटं. परत खुर्ची. असं आलटून पालटून दोन फेऱ्या केल्या की बारा मिनिटं होतात. पहिल्या आठवड्यात एकच फेरी करा, मग बघू. आणि घरातल्या फरशीवर अनवाणी करू नका, कडक फरशीचा दणका थेट टाचेतून गुडघ्यात जातो, घरात घालायला मऊ सोलच्या, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट ठेवा. हे कोणाला व्यायाम वाटणार नाही कदाचित, पण सहाव्या मिनिटाला तुमचा श्वास वाढलेला असेल, बघा तुम्ही.

पाण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्यासारख्या दुहेरी दुखण्याला त्याच्याइतकं सोयीचं काहीच नाही आणि आपल्याकडे बायका पोहता येत नाही म्हणून तो विषयच सोडून देतात. पोहायचं नाहीये! चालायचंय. महापालिकेच्या किंवा एखाद्या क्लबच्या पूलमध्ये उथळ बाजूला छातीपर्यंत पाणी असेल तिथे काठाला समांतर चालायचं, एक हात लागला तर कठड्याला. पुढे दहा पावलं, मागे दहा पावलं, बाजूने दहा पावलं. पाणी अडवतं त्यामुळे श्वास लगेच वाढतो आणि हात पाण्याखाली ठेवून हलवले की काम दुप्पट होतं. कंबरेला चारही बाजूंनी पाण्याचा आधार असतो म्हणून ती ताठ राहते, वाकत नाही. कॉश्च्यूमची लाज वाटते असं बऱ्याचजणी सांगतात, तर पूर्ण हात पाय झाकणारे कॉश्च्यूम आता सहज मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी बायकांची वेगळी बॅच असते, चौकशी करताना दोन गोष्टी नक्की विचारा: उथळ बाजूला पाणी किती फूट आहे, आणि आत उतरायला पायऱ्या आहेत का नुसती उभी लोखंडी शिडी. तुमची उंची पाच फूट एक, म्हणजे साडेतीन ते चार फूट पाणी तुम्हाला बरोबर. उभी शिडी असेल तर गुडघ्याला त्रास होतो, तिथे काठावर बसून उतरणं बरं आणि वर येताना कोणाचा तरी हात घ्या. पूलच्या काठच्या ओल्या लाद्या फार घसरड्या असतात, रबरी चपला घालूनच चाला. पाण्यातून बाहेर येताना एकदम जड जड वाटेल, ते वजन परत आल्यामुळे, घाबरू नका, दोन मिनिटं काठाला धरून उभ्या राहा.

पोहता येत असेल तर पाठीवरचं पोहणं तुम्हाला चांगलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बेडकासारखे पाय बाहेर फेकताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो, आणि मान वर काढून पोहायची आपल्याकडे जी सवय असते त्याने कंबर मागे ताणली जाते, म्हणून ते सध्या नको. आठवड्यातून दोनदा जरी पाण्यात जाता आलं, तरी खूप झालं.

सायकल. रस्त्यावरची नाही, खड्डे आणि ट्रॅफिक बघता तुमच्या कंबरेला ते दणके नकोतच, एका जागी उभी असलेली. घरी कोणाची तरी कपडे वाळत घालायला वापरात असलेली सायकल असतेच, नातेवाईकांत विचारा, नवीन घ्यायची घाई नको. सीटची उंची हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि जिममध्ये कोणी ती लावून देत नाही, म्हणून नीट सांगते. सीटवर बसा, एक पॅडल पूर्ण खाली आणा, त्यावर टाच ठेवा. टाच ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पॅडल मारताना टाचेऐवजी पावलाचा पुढचा पसरट भाग ठेवायचा, म्हणजे खालच्या टोकाला गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर प्रत्येक फेरीला गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागे दाब येतो, सायकलने माझे गुडघे दुखतात म्हणणाऱ्या बऱ्याचजणींच्या बाबतीत सीट चार बोटं वर केली की दुखणं थांबतं. हॅंडल उंच ठेवा, वाकून बसू नका. रेझिस्टन्स, म्हणजे पॅडलचा जडपणा, शून्य किंवा एक. जोर लावून हळूहळू मारण्यापेक्षा हलकं आणि थोडं भरभर मारलेलं गुडघ्याला मानवतं. तुमची कंबर बसल्यावर दुखते म्हणून एका वेळी पाच सहा मिनिटांच्या वर जायचं नाही सुरुवातीला, उतरायचं, दोन मिनिटं घरात फिरायचं, हवं तर परत बसायचं.

इथे एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी, कारण कंबरदुखी सगळ्यांची एका जातीची नसते. काहींना वाकलं, बसलं की दुखतं आणि उभं राहिलं, चाललं की बरं वाटतं, डिस्कच्या दुखण्यात बहुतेक वेळा असं असतं आणि ताईंच्या पत्रावरून मला त्यांचं तसंच वाटतंय. काहींचं अगदी उलट असतं, विशेषतः साठीच्या पुढे मणक्यातली नसांची जागा अरुंद झालेली असेल तर, चालताना पाय भरून येतात, गोळे येतात, आणि जरा पुढे वाकलं किंवा बसलं की लगेच मोकळं वाटतं. अशांना सायकल खूप मानवते, पाठ टेकून बसायची सायकल तर आणखीच, आणि लांबचं चालणं नको होतं. तेव्हा शेजारणीला काय मानवलं हे विचारून काही उपयोग नाही, आपली कंबर कुठल्या बाजूला वाकल्यावर तक्रार करते हे दोन दिवस लक्ष देऊन बघा.

चालणं पूर्ण बंद करू नका बरं का. फक्त ते जेवणाला जोडा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर सपाट जागेवर सात आठ मिनिटं, सावकाश सुरू करून मधली तीन चार मिनिटं जरा वेगात. जेवल्यानंतर थोडं चाललं की शुगर जी एकदम वर जाते ती कमी जाते, आणि तुमचं ६.२ हे अजून डायबिटीसच्या अलीकडचं आहे (५.७ ते ६.४ हा मधला पट्टा), म्हणजे ते खाली आणायला आत्ता खूप वाव आहे. रस्त्याच्या कडेने चालू नका, कडेला रस्ता उतरता असतो आणि एक पाय सतत खाली राहतो, सोसायटीच्या आतला सपाट पॅसेज बरा. स्टेशनचा जिना चढताना फार त्रास नसेल तर चढा, उतरताना मात्र कठडा धरा, आणि सरकता जिना किंवा लिफ्ट असेल तर निःसंकोच घ्या.

सध्या काय नको तेही सांगून टाकते. झुंबातल्या उड्या आणि कंबरेला पिळे देणाऱ्या स्टेप्स, दोरीच्या उड्या, आणि भराभर सूर्यनमस्कार. सूर्यनमस्काराला नको म्हटलं की लोक नाराज होतात, पण त्यात लागोपाठ पुढे वाकणं, मग गुडघे टेकणं, मग मागे वळणं आहे, आणि बल्ज दुखरा असताना वेगात ते करणं योग्य नाही, बरं वाटल्यावर पुढे एखाद्या जाणकाराकडून खुर्चीच्या आधाराने शिकता येतील. जिममधलं रोइंग मशीनही नको, त्यात प्रत्येक वेळी कंबर वाकून ओढते. क्रॉस ट्रेनर (उभ्याने हातपाय पुढे मागे हलवायचं मशीन) दोन महिन्यांनी बघू. ट्रेनरचं म्हणणं अगदीच चूक नाही, मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्याला आधार मिळतो हे खरंय, पण पहिल्याच दिवशी खोल स्क्वॉट्स? नाही. त्याऐवजी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून उठणं बसणं, आठ दहा वेळा, एक दिवसाआड. आणि पाठीवर झोपून, एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर वर उचलायचा, पाच सेकंद धरायचा, खाली. दोन्ही पायांनी दहा दहा. हे कार्डिओ नाही, पण याच्याशिवाय कार्डिओ टिकत नाही.

किती दमायचं? एकच परीक्षा, व्यायाम करता करता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य पूर्ण करता येत नसेल तर जास्त होतंय, आरामात गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवा. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका, कारण बीपीच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल या जातीतल्या, नाडी वाढूच देत नाहीत आणि मग नाडी जास्तीत जास्त किती जाईल याचा २२० वजा वय हा हिशेब फसतो, माणूस दमलेला असतो आणि घड्याळ म्हणतं अजून कर. तुमची गोळी कुठली ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि सुरू करण्यापूर्वी एकदा त्यांच्याकडून हृदयाच्या बाजूने हिरवा कंदीलही घ्या, वय, बीपी आणि शुगर तिन्ही आहे म्हणून म्हणतेय. एकदम थांबू नका, शेवटची दोन तीन मिनिटं हळू करत आणा, नाहीतर चक्कर येते.

आणि दुखण्याचं मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं. व्यायाम करताना दहापैकी दोन तीन इतकं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखतोय, सुजलाय, किंवा कंबरेचं दुखणं पायात खाली उतरतंय, तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. बंद नाही, निम्मं. सकाळी कालच्यासारखंच वाटत असेल तर तेवढंच चालू ठेवा आणि तीन चार दिवस असे गेले की दोन मिनिटं वाढवा. असं करत करत दोन अडीच महिन्यांत तुम्ही दिवसाला पंचवीस मिनिटांपर्यंत आरामात पोचाल. व्यायामाआधी पेनकिलर घेऊन दुखणं दाबू नका, मग सकाळची ही परीक्षाच खोटी ठरते. अजून एक, उठल्याबरोबर पहिल्या तासात कंबरेतून वाकणं टाळा, रात्रभर आडवं राहिल्यामुळे डिस्कमध्ये पाणी भरलेलं असतं आणि तेव्हा वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून पहाटे उठून लगेच व्यायाम करण्यापेक्षा तुम्हाला संध्याकाळी घरी आल्यावर चहा झाला की बरं. बँकेतही दर अर्ध्या तासाने एक मिनिट उभ्या राहा, काउंटरवर असलात तरी.

वजनाबद्दल एवढंच सांगते की जास्त वजन आणि गुडघेदुखी असलेल्यांमध्ये एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. पाच किलो उतरले तर प्रत्येक पावलाला वीस. ते नुसत्या व्यायामाने उतरणार नाही, खाण्याचं बघावं लागेल, त्यावर वेगळं पत्र लिहा.

ही लक्षणं दिसली तर मात्र व्यायाम बियाम सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडकणं, मांड्यांच्या मधे, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, चालताना घासणं, ताप येऊन कंबर दुखणं, गुडघा लाल गरम होऊन सुजणं किंवा अडकून सरळच न होणं. आणि व्यायाम करताना छातीत दाटून आलं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, घाम फुटला, तर गॅस समजून बसू नका.

पत्राच्या तळाशी तुम्ही ता.क. लिहिलाय की नवरात्रात वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायची इच्छा आहे, जाऊ का. जा की! गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली (रुळांवरून वर नेणारी) आहे, जाताना येताना दोन्ही वेळा तिने जा. अगदी पायऱ्या चढायचीच इच्छा असेल तर थोड्या चढा, पण उतरताना ट्रॉली, कारण गुडघ्याला खरा मार उतरताना बसतो. नवरात्रात गर्दी प्रचंड असते आणि रांगेत उभं राहणं तुमच्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा जड जाईल, म्हणून घडीचं छोटं स्टूल बरोबर ठेवा आणि जमलं तर गर्दीचे दिवस टाळून आधी किंवा नंतर जा. डोंबिवलीहून गाडीने जाताना दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला, कंबरेमागे तो टॉवेलचा गुंडाळा असू द्या, आणि परत आल्यावर दोन दिवस फक्त पाण्यातलं किंवा खुर्चीतलं करा.